कॅन्सरची ट्रायल : राजूरच्या माणसाचा नंबर कधी?

अंगारकी चतुर्थीला तुम्ही कधी राजूरला आला असाल, तर गणपतीची रांग तुम्हाला ठाऊक आहे. उशिरा आलेला माणूस मागं उभा राहतो, पाय दुखेपर्यंत उभा राहतो, पण दर्शन घेऊनच घरी जातो. दवाखान्यातल्या एका रांगेचं तसं नाही. तिथं उशिरा आलेल्याला दार बंद, आणि दार कधी बंद झालं हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ही रांग म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या नव्या उपचारांची चाचणी. दवाखान्यात तिला ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणतात.

सगळे उपाय थकले, खाट धरली, जमीन गहाण पडली, की घरचे डॉक्टरला हमखास म्हणतात, “साहेब, आता कुठं नव्या औषधाचा प्रयोग चालू असंल तर तिथं तरी घाला.” उत्तर येतं, “आता घेता येणार नाही.” घरच्यांना वाटतं, आपला वशिला नाही म्हणून नाही म्हणाले. वाचकहो, इथं वशिल्याचा संबंध नाही. ट्रायल हा शेवटचा उपाय, ही समजूतच घात करते.

आजार तिसऱ्या-चौथ्या स्टेजला गेलेला असला तरी चालतो, या ट्रायलमध्ये तोच लागतो. पण माणूस हिंडता-फिरता लागतो. त्यासाठी डॉक्टर शून्य ते चार असा आकडा लावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, पहिल्यासारखं शेतात राबतो तो शून्य. नांगर-पोती जमत नाहीत, पण बसून निवडा-टिपायचं काम होतं, तो एक. काम होत नाही, पण आंघोळ-जेवण स्वतःचं स्वतः करतो आणि दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ उठून बसलेला असतो, तो दोन. निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणावर तो तीन, आणि पुरता खाटेला खिळला तो चार. बहुतेक कंपन्यांच्या ट्रायल शून्य आणि एक यांनाच घेतात. आपला माणूस मोठ्या दवाखान्यात पोचतो तोवर तो कितीवर गेलेला असतो, हे तुम्हीच आठवून बघा.

दुसरी अट आधीच्या उपचाराची. पहिल्या उपचाराची ट्रायल असेल तर या स्टेजसाठी केमो आधीच सुरू झालेला माणूस बहुधा बाद होतो. पहिला उपचार फसल्यानंतरच्याही ट्रायल असतात, पण अंगात ताकद तिथंही लागतेच. शिवाय किडनी, लिव्हर, रक्त ठीक हवं. मेंदूत गाठ पोचली असेल तर ती आटोक्यात हवी. आणि काही ट्रायलना गाठीच्या तुकड्यात ठराविक जनुकीय बदल सापडावा लागतो. त्यातला ‘ईजीएफआर’ नावाचा बदल बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत आणि बायकांत जास्त आढळतो. तेव्हा आयुष्यभर चुलीपुढं बसलेल्या बाईला खोकला लागला, तर “तिला कशाचा कॅन्सर” म्हणून सोडून देऊ नका.

आता महिने जातात कुठं, ते बघा. खोकला, वजन उतरणं, थुंकीत रक्त ही लक्षणं टीबीचीही आहेत. एक्स-रेत डाग दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू होतात, कधी कधी थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही. डॉक्टरची चूकच म्हणता येत नाही, टीबी आपल्याकडे आहेच तेवढा. पण महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीचा आग्रह घरच्यांनी धरायला नको का? आपण गोळ्यांचा कोर्स पुरा व्हायची वाट बघतो. तेवढ्यात एकचा दोन होतो, दोनचा तीन.

अटी मात्र देवानं लिहिलेल्या नाहीत. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०१६ ते २०१८ या काळात ईजीएफआर बदल असलेल्या ३५० रुग्णांवर एक ट्रायल घेतली. तिचा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं ‘दोन’ आकड्याचे रुग्णही घेतले, दर पाचांत एक असे. मेंदूत आजार पोचलेले १८ टक्के होते. निम्म्यांना नुसती जेफिटिनिबची गोळी, निम्म्यांना गोळी आणि सोबत केमो. कुणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं, पण औषधावाचून कुणालाच ठेवलं नाही. नुसत्या गोळीनं आजार साधारण ८ महिने थोपला, दोन्ही मिळून १६ महिने. त्रासही वाढला, तीव्र दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. हेही सांगायलाच हवं. पण अशक्त माणसाला घेऊनही ट्रायल होते, हे आपल्याच राज्यात दिसलं. मग बाकीच्यांनी नुसत्या धडधाकटांनाच का निवडावं? औषध उद्या विकायचं आहे ते खाटेवरच्यालाही विकणार ना?

“आमच्यावर उंदरासारखा प्रयोग करतील” ही भीती खोटी म्हणणार नाही. म्हणून २०१९ च्या केंद्रीय नियमांत काय आहे ते माहीत असू द्या. संमतीचा कागद तुम्हाला कळेल अशा भाषेत हवा. वाचता येत नसेल तर अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. मधेच सोडायची मुभा, आणि सोडलं म्हणून नेहमीचे उपचार तोडता येत नाहीत. नव्या औषधांच्या ट्रायलची सरकारी नोंद २००९ पासून सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते, पण इंग्रजीत. गावातल्या कॉलेजच्या पोरानं एक संध्याकाळ घालवली तर ते घराघरात समजेल.

तेव्हा बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला, की पहिला डोस घ्यायच्या आधीच डॉक्टरला विचारा, “आमच्या माणसाजोगी ट्रायल कुठं आहे का?” गाठीचा मेणातला तुकडा, त्याला ब्लॉक म्हणतात, तो लॅबकडून मागून घ्या आणि उन्हात ठेवू नका. तो हरवला तर सुई पुन्हा टोचावी लागते, आणि आणखी दिवस जातात.

आणि शासनाकडे मागणी एवढीच. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चालू ट्रायलचा मराठी फलक लावा, आपल्याकडच्या आणि मुंबईच्याही, अटींसकट. जालन्याहून रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो. पण आपण बसतो आहोत ते योग्य वेळी की सहा महिने उशिरा, हे त्याला जालन्यातच कळलं पाहिजे. येत्या अंगारकीला आरोग्य खात्यानं राजूरला एक टेबल टाकावं, शुगर-बीपीच्या जोडीला “खोकला किती दिवसांचा?” एवढं विचारायला. गर्दी तर आपोआप येतेच.