अश्वशक्तीचा गजर, वस्तुमानाचा विसर

अमेरिकी मसल कारची बातमी आली की मथळ्यात अश्वशक्ती असते. वस्तुमान छापलेच तर शेवटच्या ओळीत. न्यूटनचा दुसरा नियम मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्यांनीही ही मांडणी मुकाट्याने स्वीकारावी, हे खेदजनक आहे. १९६५ची फोर्ड मस्टँग सुमारे सव्वा टनाची होती. आजची विजेवर चालणारी डॉज चार्जर डेटोना अडीच टनांहून जड आहे आणि तिच्या ६७० अश्वशक्तीचा बराचसा पराक्रम स्वतःचाच देह ओढण्यात खर्ची पडतो.

समर्थकांचे उत्तर ठरलेले आहे: एवढे वजन असूनही ती ताशी ९६ किलोमीटरचा वेग साडेतीन सेकंदांच्या आत गाठते, मग बिघडले काय? बिघडते ते ब्रेक दाबल्यावर. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या १,२०० किलोंच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ४.६ लाख ज्यूल असते. २,६५० किलोंच्या गाडीची १० लाखांहून अधिक. ब्रेकच्या तबकड्यांत असो, बॅटरीत असो, की अपघातात समोरच्या लहान गाडीच्या पत्र्यात असो, ही ऊर्जा कोठेतरी जिरावीच लागते. वळणावर तर टायरचा स्वभावच आडवा येतो. त्याच्यावरील भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही.

दुसरीकडे, वजन घटवण्याच्या नावाखाली चालणारा देखावाही तपासला पाहिजे. डॉजने २०१८च्या डीमनमधून मागचे आसन आणि चालकाशेजारचे आसनही काढले, व हवे असल्यास प्रत्येकी एका डॉलरला परत देऊ केले. जाहिरात म्हणून झकास. अभियांत्रिकी म्हणून बाळबोध. याउलट फोर्डने शेल्बी जीटी३५०आरला कार्बन तंतूंची चाके दिली. तशाच अॅल्युमिनियमच्या चाकापेक्षा ती जवळजवळ निम्म्या वजनाची. चाक पुढे सरकते तसे फिरतेही, म्हणून त्याच्या कडेचा एक किलो वेग वाढवताना जवळपास दोन किलोंइतका भारी पडतो. शिवाय स्प्रिंगखालचे वजन घटल्याने खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडत नाही. किती उतरवले याइतकेच कोठून उतरवले, हेही महत्त्वाचे.

भारतीय वाचकाला हे अपरिचित नसावे. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन संमिश्राचे नॉझल जाहीर केले. कोलंबियम मिश्रधातूच्या जुन्या नॉझलहून ते सुमारे ६७ टक्के हलके; त्यामुळे १५ किलो अधिक भार नेता येईल. चौथा टप्पा उपग्रहासोबत थेट कक्षेपर्यंत जातो. तेथे वाचलेला किलो जवळजवळ जसाच्या तसा उपग्रहाच्या पदरात पडतो. पहिल्या टप्प्यातल्या किलोला ते भाग्य नाही. या १५ किलोंचे मोल जाणणारा वाचक मोटारीपुढे मात्र ६७०च्या आकड्याने दिपून जातो!

कार्बन महाग आहे, हा आक्षेप खरा. पण २०१६ची शेव्हरोले कॅमॅरो मुख्यतः आटोपशीर सांगाडा आणि नेमक्या जागी वापरलेले पोलाद व अॅल्युमिनियम यांच्या बळावर आधीच्या पिढीहून ९० किलोंपेक्षा अधिक हलकी झाली होती. २०२४च्या मॉडेलनंतर ती बंद पडली. अडीच टनांची डेटोना आली तीही २०२४ मध्येच.