गावाच्या जुन्या इमारती: पाडाव्या की राखाव्या?

आपल्या प्रत्येक गावात अशी एक तरी इमारत असतेच. नगरपालिकेची जुनी शाळा, सरकारी दवाखाना, वाचनालय, नाहीतर भाजी मंडई. दगडी जोते, जाड भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौले. आपल्या अब्बांनी तिथेच अलिफ-बे किंवा ग-म-भ-न गिरवलेले असते. मग एके दिवशी दारावर पाटी लागते, "इमारत धोकादायक आहे, प्रवेश करू नये." काही महिन्यांत कानावर येते की तिथे व्यापारी संकुल होणार. मोहल्ल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, पडके आहे, पाडून टाका. दुसरा म्हणतो, बुजुर्गांची निशाणी आहे, हात लावू नका. चौकशी मात्र दोघांनीही केलेली नसते. या महिन्यात आपण त्या चौकशीविषयीच बोलू.

पहिली गोष्ट, इमारतीच्या वयावरून धोका ठरत नाही. महाडकरांनी हे दोन वेळा सोसले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झालेली होती. चार वर्षांनी, २४ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच महाडात तारिक गार्डन ही इमारत बसली आणि १६ जीव गेले. ती तर दहा वर्षांचीही नव्हती. म्हणजे "इतकी वर्षे टिकले, अजून टिकेल" हेही चूक, आणि "जुने म्हणजे पडणारच" हेही चूक. खरे काय ते तपासणीतून कळते, तेही नुसत्या नजरेच्या पाहणीतून नव्हे.

महानगरपालिकांच्या कायद्यात तीस वर्षांवरील इमारतींची संरचना तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, सांगितलेली आहे. त्यानंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. गावात "धोकादायक" हा एकच शब्द फिरत असतो, पण या चार वर्गांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या शाळेला कोणता वर्ग दिला आणि कशाच्या आधारावर?

दुसरा प्रश्न तपासणीच्या पद्धतीचा. स्प्रिंगच्या हातोडीने ठोकून पाहणे, ध्वनिलहरी सोडून पाहणे, आतल्या लोखंडाला किती गंज चढला ते मोजणे, या नेहमीच्या चाचण्या सिमेंट काँक्रीटसाठी आहेत. दगड आणि चुन्याच्या भिंतीत लोखंड नसतेच. तिथे वेगळे पाहावे लागते. चुना सुटला आहे का, तुळयांची भिंतीत गेलेली टोके कुजली आहेत का, पाया खचला आहे का. अशा भिंतीवर कोणी सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर ओल आत कोंडते आणि भिंत आणखी खराब होते. म्हणून चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या माणसाचे मत अहवालात आहे का, हे विचारायला संकोच नको. उलट, १९७० नंतर त्याच आवारात बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या दगडी इमारतीपेक्षा जास्त धोक्याच्या असू शकतात. पोपडे पडून सळ्या दिसू लागल्या असतील तर मुलांना आधी तिथून हलवा.

आता मुळाशी जाऊ. बहुतेक इमारती म्हातारपणाने मरत नाहीत, हयगयीने मरतात. कौल फुटते, पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत उतरते. त्या ओलीत पिंपळ रुजतो आणि त्याची मुळे दगड फोडतात. पन्नास रुपयांचे कौल वेळेवर बदलले नाही, म्हणून पाच वर्षांनी तुळई बदलावी लागते. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही. उद्घाटन करता येते, पन्हळ साफ केल्याचा समारंभ होत नाही. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. वक्फ करणारा माणूस इमारत बांधून थांबत नसे. तिच्या खर्चासाठी एखादी जमीन, दुकान किंवा बाग तोडून देई. औरंगाबादची पाणचक्की पाहा. डोंगरातून नळाने आणलेल्या पाण्यावर चक्की फिरे आणि तिचे पीठ दर्ग्यातल्या मुसाफिरांच्या व विद्यार्थ्यांच्या पोटात जाई. तिथे वास्तू, पाणी आणि अन्न एकाच व्यवस्थेत बांधलेले होते. आज नवी इमारत मागतानाही तिच्या देखभालीची तरतूद कुठल्या पैशातून होणार, हे विचारायला हवे.

पाडणे आणि तसेच ठेवणे, यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, ती वापराची. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या कैदी राजासाठी बांधलेल्या थिबा राजवाड्यात पुढे कितीतरी वर्षे सरकारी तंत्रनिकेतन भरत होते. पुण्याच्या १८८६ सालच्या मंडईत आजही भाजी विकली जाते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत गेले, तेव्हा ते पूर्वीच्याच रूपात पुन्हा उभे करावे अशी मागणी झाली, कारण लोकांचा तिथे राबता होता. जिथे माणसांची ये-जा असते, तिथली गळती कोणाच्या तरी लक्षात येते. कुलूप लावून जतन केलेली वास्तू आतून कुजते.

तरीही आम्ही दगडापेक्षा माणूस मोठा मानतो. पुण्याची तीच मंडई बांधायचे ठरले, तेव्हा नगरपालिकेतले सदस्य जोतीराव फुले यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. आज ती मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. इमारतीचा कोणताही निर्णय कोणाच्या कामी येणार, हे आधी विचारावे लागते.

आपल्या घरांपुरते पाहिले तर हा प्रश्न मुलींचा आहे. मोहल्ल्यातली शाळा "तात्पुरती" दोन-तीन किलोमीटरवर हलते, मधे हमरस्ता येतो, आणि सहावी-सातवीची मुलगी घरी बसते. इमारत चार वर्षांनी होते, पण त्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. म्हणून पाडण्याला संमती देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. मुले कुठे बसणार? किती महिने? जाण्यायेण्याची सोय कोण करणार? नव्या इमारतीत शाळा परत येणार का, आणि किती खोल्यांत? जागा विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षित असेल, तर ते आरक्षण बदलण्याआधी सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि मुदत एका महिन्याची असते. ती वाचणारा एक माणूस प्रत्येक मोहल्ल्यात हवा.

काम अवघड नाही. दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात ऑडिटचा अहवाल मागवा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्यातली कितीतरी मुले आखातात बांधकामावर इंजिनिअर आणि सुपरवायझर आहेत. सुट्टीवर आली की त्यांना तो अहवाल दाखवा, एकदा शाळेत घेऊन जा. पावसाळ्याआधी आणि नंतर भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा. आणि बैठक घ्याल तेव्हा आयांना बोलवा. कोणत्या वर्गात पाणी गळते, हे मुले घरी आईलाच सांगतात.

अहवाल खरोखर सी-१ असेल तर हट्ट धरू नका, त्याच दिवशी मुले बाहेर काढा. तसा नसेल तर पाडण्याची घाई कोणाला आणि कशासाठी आहे, ते शोधा. सार्वजनिक वास्तू ही अमानत आहे. ती आपल्याकडे आली तशी पुढच्यांच्या हाती जायची आहे, कधी दुरुस्त होऊन, कधी नव्याने बांधून. हिशेब मात्र आपल्यालाच द्यायचा आहे.