सॅम्पलची नोंद आधी

१९८९ साली ‘डे ला सोल’ या त्रिकुटाचं ‘मी मायसेल्फ अँड आय’ हे रॅप गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. सर्वसाधारण यादीत ते चौतिसाव्या जागेपर्यंतच गेलं, पण त्यानं ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा अल्बम घराघरांत नेला. या गाण्याचा पाया म्हणजे फंकाडेलिकच्या १९७९ मधल्या ‘नी डीप’मधून उचललेला तुकडा, अर्थात सॅम्पल. ते मूळ गाणंही त्याच यादीत पहिलं आलं होतं. चांगला ठेका दहा वर्षांनी पुन्हा तितकाच चालतो, हे निर्माता प्रिन्स पॉलनं नेमकं ओळखलं होतं.

लाँग आयलंडच्या अ‍ॅमिटीव्हिलमधल्या या तीन तरुणांनी पॉलसोबत केलेलं काम आपल्यापैकी प्रत्येकानं हेडफोन लावून ऐकावं. त्या वेळच्या सॅम्पलरमध्ये मोजके सेकंदच मावायचे. तरी याच अल्बममधल्या ‘आय नो’मध्ये स्टीली डॅनच्या ‘पेग’चा तुकडा आणि ओटिस रेडिंगची शीळ अशी बसली आहे, की दोन्ही एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित झाल्यासारखी वाटतात. दोन वेगळ्या रेकॉर्डी सुरात आणायला कान लागतो. तो या मंडळींकडे होता.

घात झाला तो अल्बममधल्या एका मिनिटभराच्या ट्रॅकनं. फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डमागे त्यांनी द टर्टल्सच्या ‘यू शोड मी’चा लूप संथ करून लावला होता. त्याची परवानगी घेतलेली नव्हती. टर्टल्सच्या दोघांनी दावा लावला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावं लागलं. पुढे १९९१ च्या अखेरीस रॅपर बिझ मार्कीच्या अशाच सॅम्पलवरच्या खटल्याचा निकाल लागला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं कुणालाच परवडेना.

त्याहून मोठं नुकसान नंतर झालं. जुन्या करारांत डिजिटल विक्रीचा विचारच नव्हता. सॅम्पलच्या हक्कांचा गुंता आणि रेकॉर्ड कंपनीशी वाद यांमुळे हा अल्बम स्ट्रीमिंगवर यायला ३ मार्च २०२३ उजाडला. तिघांतला डेव्हिड जोलिकूर त्याआधी तीनच आठवडे वारला होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ठेवा म्हणून निवडलेला हा अल्बम, आणि एक अख्खी पिढी तो फोनवर ऐकू शकली नाही! याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आज मराठी रॅप घरच्या खोलीत बनतो आहे. जुन्या लावणीतली ढोलकी, कुठल्याशा तबकडीतला आलाप त्यात येतो, आणि ते उत्तमच आहे. मात्र आपल्या कायद्यातही ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, चाल आणि शब्दांचा वेगळा. एकाची परवानगी मिळाली म्हणून दुसऱ्याची मिळाली असं होत नाही. विकत घेतलेल्या लूपचाही परवाना असतो, आणि तो बहुतेक जण वाचत नाहीत. तुकडा छोटासाच आहे, अल्बममधला बिनमहत्त्वाचा आहे, ही सबब टर्टल्ससमोर चालली नाही.

म्हणून विनंती एवढीच. सॅम्पल उचलाल त्याच दिवशी मूळ गाणं, कंपनी, संगीतकार, गीतकार आणि कितव्या सेकंदापासून तुकडा घेतला हे प्रोजेक्ट फाइलसोबत लिहून ठेवा. मिक्सिंगच्या आधी परवानगीचं पत्र पाठवा, आणि करारात पुढे येणाऱ्या माध्यमांचा उल्लेख आहे का, हे सही करण्यापूर्वी तपासा.