बोगद्यातला कॅमेरा आणि मालकाचे घड्याळ

मुंबईत मलबार हिलच्या पोटातून किनारी रस्त्याचे दोन जुळे बोगदे जातात. प्रत्येकाची लांबी सुमारे दोन किलोमीटर आहे. मार्च 2024 मध्ये त्यांतला पहिला वाहतुकीला खुला झाला. बोगद्यात वेगाची मर्यादा ताशी 60 किलोमीटर आहे आणि गाड्यांवर कॅमेऱ्यांची नजर आहे. यवतमाळच्या वाचकाला वाटेल की, या बोगद्याशी आपले देणेघेणे काय? देणेघेणे आहे. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून विदर्भातून त्या मार्गाने मुंबईला जाणारी गाडी इगतपुरीजवळच्या जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते. ती गाडी हाकणारा माणूस आपल्याच गावचा असतो, आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगाचा दंड सरतेशेवटी त्याच्याच खिशातून जातो.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. कॅमेरा म्हणजे केवळ सरकारी लूट, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. ताशी 60 ऐवजी 80 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा आघात सव्वापट होत नाही, पावणेदोन पट होतो. बोगद्यात बाजूला सरकायला जागा नसते आणि धुराला वर जायला आकाश नसते. 24 मार्च 1999 रोजी फ्रान्स आणि इटली यांच्यामधील माँ ब्लाँ बोगद्यात एका मालट्रकने पेट घेतला. त्या ट्रकमध्ये स्फोटके नव्हती, पीठ आणि मार्गारीन होते. तरीही 39 माणसे प्राणास मुकली. अशा जागी वेगावर लगाम हवाच. रस्त्यावर मरतात तेही बहुधा सामान्यच. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत 32,825 पादचारी होते. ज्यांच्यापाशी गाडीच नाही, त्यांनीही वेगाची किंमत प्राणाने मोजली.

तेव्हा वाद कॅमेऱ्याशी नाही. वाद आहे तो कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, याविषयी. केंद्र सरकारच्या त्याच वर्षीच्या अहवालात दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात टाकलेले आहेत. हा रकाना राज्यकर्त्यांच्या मोठ्या सोयीचा आहे. एकदा अतिवेग लिहिले की चालक दोषी ठरतो, आणि प्रश्न मिटतो. पण तो वेग कोणाचा होता, हे विचारायला त्या अहवालात रकाना नाही.

यवतमाळहून रात्री निघालेली खासगी बस सकाळी अमुक वाजता पुण्याला पोहोचलीच पाहिजे, हे चालक ठरवीत नाही. वणी परिसरातील खाणींतून कोळसा घेऊन निघणाऱ्या ट्रकच्या दिवसाला किती फेऱ्या व्हाव्यात, हेही तो ठरवीत नाही. जिथे मजुरी फेऱ्यांवर ठरते, तिथे पाय ॲक्सिलरेटरवर चालकाचा असतो, पण त्या पायावरचा दाब मालकाच्या घड्याळाचा असतो. चलन गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघते हे खरे. परंतु ते चालकाच्या पगारातून कापून घेण्याचा रिवाज कोणाला ठाऊक नाही? जुलै 2025 मध्ये ई-चलनांविरुद्ध राज्यातील मालवाहतूकदारांनी संप पुकारला, तेव्हा मालकांच्या दंडाची चर्चा झाली. चालकाच्या कापल्या गेलेल्या रोजाची चर्चा किती झाली?

येथे कोणी म्हणेल की, कायदाच तसा आहे, त्याला इलाज काय? कायदा तसा नाही, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार वेगमर्यादा मोडणारा जसा दोषी आहे, तसाच आपल्या नोकराला ती मोडायला लावणाराही दोषी आहे. याच कलमाचे चौथे पोटकलम आणखी पुढे जाते. वेगमर्यादा मोडल्याशिवाय जो प्रवास ठरलेल्या वेळेत पुरा होणे शक्य नाही, अशा प्रवासाचे वेळापत्रक प्रसिद्ध करणे किंवा तसा हुकूम देणे, हाच तो देणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा, असे ते सांगते. म्हणजे मालकाच्या घड्याळाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची तरतूद पुस्तकात आहे. मग या पोटकलमाखाली खटले का गाजत नाहीत?

पुरावा मिळत नाही, ही सबबही आता चालणार नाही. 2021 पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. कोणती गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली, याची नोंद त्यामुळे आपोआप होते. दोन नाक्यांतील अंतराला लागलेल्या वेळेने भागले की सरासरी वेग निघतो. प्राथमिक शाळेतील मुलालाही हे गणित येते. एकाच मालकाच्या गाड्या एकाच मार्गावर रोज रात्री मर्यादा ओलांडत असतील, तर तो चालकांचा बेफिकीरपणा नव्हे, तो धंद्याचा हिशेब आहे. टोल वसूल करताना जे यंत्र क्षणभरही डुलकी घेत नाही, ते मालकाला जाब विचारताना आंधळे कसे होते?

दंडाचे मापही पाहण्यासारखे आहे. केंद्रीय कायद्याने जड वाहनाच्या अतिवेगाला दोन ते चार हजार रुपये दंड ठेवला आहे. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला हा दंड म्हणजे घरचा महिन्याचा किराणा. उलट, सदोष रस्ता बांधून माणसे मारणाऱ्या कंत्राटदाराला किंवा अधिकाऱ्याला कलम 198-अ खाली जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड आहे. कोट्यवधींच्या कंत्राटात ही रक्कम चहापाण्याच्या खर्चात जिरून जाईल.

मुंबईच्या किनारी रस्त्यावर सुमारे 14 हजार कोटी रुपये खर्च झाले, आणि त्यावर दुचाकी, रिक्षा व मालट्रक यांना मज्जाव आहे. मोटारवाल्यांच्या त्या बोगद्याला जागता डोळा मिळाला, याबद्दल आमची तक्रार नाही. पण राष्ट्रीय महामार्ग 44 वर करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या भागात रस्ता ओलांडणारा शेतमजूर आणि शाळकरी मुलगी यांचा जीव तितकाच मोलाचा आहे. कायद्याचे कलम 136-अ राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरही इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवायला सांगते. ते केवळ शहरांसाठी लिहिलेले नाही.

म्हणून मागणी कॅमेरे काढण्याची नाही, ते वाढवण्याची आहे. बोगद्यात बसवा, गावाच्या वेशीवरही बसवा. आणि त्याबरोबर प्रत्येक खासगी प्रवासी गाडीचे वेळापत्रक परिवहन कार्यालयाने तपासावे. वारंवार मर्यादा ओलांडणाऱ्या ताफ्याच्या मालकावर कलम 183 (4) च्या आधारे खटला भरावा. चालकाच्या पगारातून चलन कापणे दंडनीय ठरवावे. यासाठी यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथील चालकांनी आणि प्रवाशांनी एकत्र आले पाहिजे. कारण भरधाव गाडीत दोघेही बसलेले असतात, आणि जो तिला पळवतो तो मात्र घरी झोपलेला असतो.