बिडाला जोड नाही म्हणे!

‘हे बीड आहे साहेब, याला जोड नाही. भंगारात टाका!’ हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले तो एक तर भंगारवाला असावा, नाही तर नव्या व्हाइसचा दुकानदार. लोखंडाबद्दल गैरसमज बाळगायची आपल्याकडे परंपराच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा त्याने जमिनीला विष चढेल म्हणणारे शेतकरी होते. जमिनी वाचल्या, गैरसमजाने तेवढी शेतातून वर्कशॉपात बदली करून घेतली.

आता व्हाइस म्हणजे काय, हे आमच्या बँकेतल्या बंधूंना सांगायला हवे. टेबलाला बोल्टांनी आवळलेला, दोन जबड्यांचा हा बिडाचा गडी. एकदा धरले की सोडत नाही. खरे तर आमच्या वसुली खात्यातच हवा होता! असा गडी आपण होऊन मोडत नाही. कोणी तरी दांड्याला तीन फुटी पाइप घालून तो पिळतो, नाही तर जबड्यालाच ऐरण समजून घणाने बडवतो. तडा गेला की दोष बिडाचा!

बिडात साधारण शेकडा २ ते ४ भाग कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. म्हणून बीड दाब मुकाट सोसते, हादरे पचवते. वाकवायला गेलात की तुटते. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आपण सत्कार समारंभात टाळ्यांसाठी म्हणतो. बीड ते करून दाखवते, आणि भंगारात तेच जाते!

मग येतो घाईचा वेल्डर. खिडकीच्या गजाला वापरतो तोच रॉड इथे ओढतो. पाच मिनिटांत काम फत्ते, आणि निवता निवता ‘टण्ण!’ सांध्याच्या शेजारीच नवा तडा. होणारच. तापलेला भाग फुगतो, शेजारचा गार भाग हलायला तयार नसतो. शिवाय एकदम निवल्यामुळे सांध्यालगतचे बीड काचेसारखे ठिसूळ होते. यावर हे गृहस्थ म्हणतात, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ रोग्याला मारून वर भविष्य खरे ठरल्याचा आनंद!

जाणता कारागीर असे करत नाही. तो आधी तेल-वंगण साफ करतो, तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकांना बारीक भोके पाडतो, तडा घासून त्याची खाच करतो. मग सगळा तुकडा हळूहळू तापवून पितळी रॉडने झाळतो. बीड वितळायला साडेअकराशेच्या आसपास अंश लागतात, झाळ नऊशेच्या आसपासच धरते. म्हणजे बीड न वितळता जोड बसतो. नंतर बाळंतिणीला जपावे तसे राखेत गुंडाळून रात्रभर निवू देतो. नुसती जबड्याची कड उडाली असेल तर तीही भानगड नको. कानशीने सपाट करा, पोलादी पट्टी स्क्रूने बसवा. प्रत्येक दुखण्याला ऑपरेशन कशाला? मात्र जोडलेल्या व्हाइसला पुन्हा पाइप लावाल, तर तुमची बाजू मी घेणार नाही.

‘पण दुरुस्तीच्या पैशात नवा येईल की हो!’ येईल. पण मी कॉमर्सचा पदवीधर आहे, मला हिशेब शिकवू नका. आजोबांनी १९६५ साली शंभर रुपयांना घेतलेला व्हाइस घ्या. घटत्या शिल्लक पद्धतीने शेकडा १५ घसारा लावला, तरी साठ वर्षांनी अर्ध्या पैशाहून थोडे जास्तच उरते. शून्य होतच नाही! घसाऱ्याला जो संपवता आला नाही, त्याला तुम्ही किलोच्या भावाने संपवणार?

आणि ताळेबंदात न दिसणारी एक बाब आहे. झाळणाऱ्याचा हात कामावर जगतो. आपण सगळेच टाकून नवे आणत बसलो, तर व्हाइसच्या आधी तो माणूस भंगारात निघेल. मग मात्र ‘बिडाला जोड नाही’ हे अक्षरशः खरे होईल. आज ते धडधडीत खोटे आहे. झाळणारा म्हातारा दुकान उघडतोय तोवर ते खोटे पाडून घ्या.