जुना गेमिंग कॉम्प्युटर घ्यावा का?



धानाचे चुकारे खात्यात आले की आमच्या गोंदिया जिल्ह्यातले पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, पोरगा म्हणते गेमिंगचाच कॉम्प्युटर पाहिजे. जुना आहे, पण आय-सेव्हन आहे, ग्राफिक कार्ड आहे. घेऊ का?"

शिक्षक म्हटल्यावर मी 'गेम नकोच' म्हणेन, असं त्यांना वाटतं. मी तसं म्हणत नाही. जे मशीन गेम चालवतं, त्यावरच व्हिडिओ एडिटिंग होतं, ब्लेंडरमध्ये थ्रीडी चित्रं होतात, स्क्रॅच तर सहज चालतं. मोबाईलवर नुसतं बोट फिरवण्यापेक्षा हे कधीही बरं. माझा आक्षेप गेमला नाही, त्या 'आय-सेव्हन'च्या स्टिकरला आहे.

स्टिकरपेक्षा पुढचा नंबर वाचा. आय-सेव्हन 3770 म्हणजे तिसरी पिढी, 2012 सालची. आय-फाइव्ह 8400 म्हणजे आठवी, आणि 10400 म्हणजे दहावी. 2022 मधला साधा आय-थ्री 12100 सुद्धा त्या 3770 ला आरामात मागे टाकतो. दुकानदार मोठ्याने 'आय-सेव्हन' सांगतो, पिढी विचारली की हळू बोलतो!

पिढी का महत्त्वाची? विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. जुन्या मशीनवरही कुणी जुगाड करून विंडोज 11 टाकून देतं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज 11 वर टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतो. म्हणजे ज्या गेमसाठी पोरगं हट्ट धरून बसलं, तोच चालणार नाही. पैसे मात्र गेले.

ग्राफिक कार्डाचंही तसंच. स्वस्त जुन्या मशीनमध्ये बहुतेक जीटीएक्स 750 टीआय (2014) किंवा 1050 टीआय (2016) असतं. एनव्हिडियाने या पिढ्यांसाठी गेमचे नवीन ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 नंतर थांबवले, आता ऑक्टोबर 2028 पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट. जुने गेम खेळायला 1050 टीआय अजून चालतं. पण या नावाने नकली कार्डंही विकली जातात, आत भलतीच जुनी चिप असते. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं की बहुतेकदा उघड होतं.

म्हणून माझं मत असं : आठव्या पिढीच्या खालचं मशीन 'गेमिंग'च्या भावात घेऊ नका. घरात फक्त टायपिंग, अभ्यासाचे व्हिडिओ, स्क्रॅच एवढंच असेल, तर चौथ्या पिढीचा ऑफिसमधून निघालेला डेस्कटॉपही पुरतो. 8 जीबी रॅम आणि एसएसडी टाका, लिनक्स मिंट बसवा. पण तो ऑफिसच्या जुन्या मशीनच्याच भावात घ्यायचा, रंगीत लाइटवाला कॅबिनेट लावला म्हणून जास्त द्यायचे नाहीत.

आठव्या पिढीचं किंवा पुढचं मिळत असेल तर पोराला सोबत घेऊन जा. दुकानातच अर्धा तास गेम चालवायला लावा. आपल्याकडे मे महिन्यात काय ऊन असतं ते सांगायला नको. जानेवारीत थंड वाटणारं मशीन तेव्हा तापून बंद पडतं. कॅबिनेट उघडून धूळ बघा, एसएमपीएस कोणत्या कंपनीचा आणि किती वॅटचा ते वाचा. कमी-जास्त व्होल्टेजमध्ये लोकल एसएमपीएस आधी जातो आणि कधी कधी मदरबोर्डलाही घेऊन जातो. यूपीएसचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, कार्डाचं नाव आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.