रुंद पट्ट्यांचे यंत्र आणि पीटची दलदल : भार हलका, हानी खोल

आयर्लंडच्या मध्यवर्ती सखल भागात वसंत ऋतू सरत आला की पीट काढण्याचा हंगाम सुरू होतो. पाण्याखाली, हवेच्या अभावी अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे व अन्य वनस्पतींचे हजारो वर्षांत साचलेले थर म्हणजे पीट. त्याच्या विटा उन्हात वाळवून घरोघरी इंधन म्हणून जाळण्याची तेथील रीत जुनी आहे. या विटांना ‘टर्फ’ म्हणतात. एके काळी हे काम ‘स्लॉन’ नावाच्या खास फावड्याने, हाताने होई. आता ते रुंद साखळीपट्ट्यांचे उत्खनक, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास पोकलेन म्हटले जाते ते यंत्र, करते. हे यंत्र जमिनीवर अलगद चालते, म्हणून ते निरुपद्रवी आहे, असा समज सहज होतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे, कारण ओल्या जमिनीवर यंत्र नेणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

यंत्रामागचे गणित सरळ आहे. १४ टन वजनाच्या उत्खनकाचे दोन्ही पट्टे प्रत्येकी ३.५ मीटर लांबीत जमिनीला टेकत असतील आणि त्यांची रुंदी ६० सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३३० ग्रॅम भार पडतो. रुंदी १२० सेंटिमीटर केली की तो निम्म्यावर येतो. चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाखालचा दाबही साधारणतः याहून अधिक असतो. ज्या दलदलीत बैल रुतेल, तेथे हे अवजड धूड उभे राहू शकते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी निःसंशय कौतुकास्पद आहे.

परंतु यंत्र उभे राहते कशावर, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ते उभे राहून करते काय, हेही पाहिले पाहिजे. उत्खनकाची बादली खोलवरचे पीट उपसून ट्रॅक्टरमागच्या टाकीत ओतते. तेथे ते मळले जाऊन, सोऱ्यातून चकली पडावी तसे, लांब ओळींत जमिनीवर अंथरले जाते. ताज्या पीटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. म्हणून त्याआधी दलदलीत चर खणून पाणी काढून दिलेले असते. खरी हानी येथून सुरू होते. पाण्याची पातळी खाली गेली की पीटमध्ये हवा शिरते, हजारो वर्षे थांबलेले कुजणे पुन्हा सुरू होते, जमीन खचते आणि साठलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागतो. हे सारे विटा जाळण्यापूर्वीच घडते. जाळल्यावर तर तितक्याच उष्णतेमागे पीट दगडी कोळशाहूनही अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. पीटचा थर वर्षाला सरासरी एखादा मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर थर तयार होण्यास सुमारे १००० वर्षे लागतात. यंत्राला तो उपसायला एक दिवसही फार होतो.

कीटकशास्त्राच्या नजरेतून पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. ‘लार्ज हीथ’ या फुलपाखराची अळी दलदलीतील कापूसगवतावर वाढते आणि त्याच गवताच्या ठोंबांत हिवाळा काढते. दलदल सुकू लागली की कापूसगवत मागे हटते व त्याच्याबरोबर फुलपाखरूही. क्रेन फ्लाय या लांब पायांच्या माशीच्या अळ्यांना पीटचा वरचा थर सतत ओला लागतो. तो वाळला की त्या मरतात आणि त्यांवर पिल्ले पोसणाऱ्या सोन चिखल्या पक्ष्याचा घास जातो. यांपैकी एकही जीव पट्ट्याखाली चिरडला जाण्याची गरज नसते. पाणी गेले एवढे पुरते.

याचा अर्थ टर्फ जाळणारी कुटुंबे बेपर्वा आहेत, असा मुळीच नाही. ज्याच्या घरात वर्षभराचे सरपण स्वतःच्या हक्काच्या तुकड्यातून येते, त्याला ते सोडायला सांगणे सोपे नसते. पऱ्हाटी आणि गोवऱ्यांवर चूल पेटवणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही. आयर्लंडनेही हा पेच ओळखला आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बोर्ड ना मोना’ या सरकारी कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये पीट उत्खनन कायमचे थांबवत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२२ अखेरीस लागू झालेल्या नियमांनी दुकानांतून व जाहिरातींद्वारे होणारी टर्फची विक्री बंद केली. वहिवाटीचा हक्क असलेल्यांना स्वतःपुरते टर्फ काढण्याची मुभा मात्र ठेवली. आज त्याच रुंद पट्ट्यांच्या यंत्रांनी जुने चर बुजवून, पीटचे छोटे बांध घालून दलदलीत पाणी पुन्हा अडवले जात आहे. यंत्र तेच आहे; काम मात्र उलटे आहे.

भारतीय विस्तार कार्यकर्त्यासाठी बोध येथेच आहे. केरळातील कुट्टनाडच्या भातखाचरांत साखळीपट्ट्यांची कापणी यंत्रे चालतात. तेथील ‘करी’ या काळ्या, पीटयुक्त जमिनीत गंधकयुक्त खनिजे आहेत. ती हवेत उघडी पडली की जमीन तीव्र आम्लधर्मी होते. तेथे पट्टा रुंद असणे चांगलेच. पण यंत्र चालावे म्हणून पाणी किती खाली उतरवले आणि किती दिवस, यावर जमिनीचे आरोग्य अधिक अवलंबून राहते. महाराष्ट्रात तलावांतील गाळ काढून शेतात पसरला जातो, तो पावसाळ्यागणिक पुन्हा साचतो. पीट तसे साचत नाही. पोकलेनची बादली दोन्हीकडे सारखीच दिसते, हिशेब मात्र वेगळा आहे.

म्हणून ओल्या जमिनीवर यंत्राची शिफारस करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत. यासाठी पाण्याची पातळी किती खाली जाणार? जे काढले जाते ते भरून यायला किती काळ लागतो? आणि त्या हंगामात त्या मातीत कोणत्या जीवांची अंडी, अळ्या वा कोष आहेत? यंत्राच्या माहितीपत्रकात दर चौरस सेंटिमीटरचा भार छापलेला असतो. या तीन प्रश्नांची उत्तरे तेथे नसतात. ती बांधावर उभे राहून शोधावी लागतात.